आमच्या घरचं काळं

परवा माझी नात फ्रिजमध्ये अर्धी आत शिरून ओरडत होती, “आजी, मेयो कुठाय?” मी म्हटलं, हा कोण बाई मेयो, आणि आपल्या घरी कधी आला? तर ती पावाला लावायची पांढरी, घट्ट चटणी निघाली. तिचं खरं नाव बरंच लांबलचक आहे म्हणे, पण नगरच्या सावेडीतल्या या पोरांना तेवढं बोलायला सवड कुठाय! दोन शब्द सुनावावेत असं वाटलं. पण आमचं तरी काय वेगळं होतं? कर्जतच्या पलीकडं आमच्या गावात अख्खं घर ज्या मसाल्यावर चालायचं, त्याचं पूर्ण नाव काळं तिखट. ते पूर्ण नाव लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. लाल ते तिखट आणि काळं ते नुसतं काळं. विषय संपला.

“काळं घातलंस का?” “काळं सरत आलं बया.” “त्येंचं काळं लई तेज हाय, जपून घे.” उन्हाळ्यात बाया विहिरीवर भेटल्या की पहिली चौकशी, “तुमचं काळं झालं का औंदा?” लग्न ठरलं का, पोर आजारी होतं ते बरं झालं का, हे सगळं त्याच्यानंतर. पुण्याकडची माझी एक मामी सुट्टीला यायची, तिच्या अंगावर काटा यायचा. “काय बाई, भरल्या घरात सारखं काळं काळं!” त्यावर जिजी तिला म्हणायची, “मग काय पांढरं घालून खाता का तुमी आमटी?” जिजी म्हणजे माझी थोरली चुलती. उंच, आवाजानं मोठी, आणि कामाला अशी चपळ की दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेऊन करायची आणि वर त्यालाच बोलायची.

काळ्याशिवाय एक दिवस जायचा नाही. तुरीची आमटी काळ्यावर, वांगं काळ्यावर, हुलग्याची शेंगोळी काळ्यावर, आणि कधी मटण शिजलं तर तेही काळ्यावरच. भाजी नसेल तर ताटलीत चिमूट दोन चिमूट काळं, वर कच्चं तेल, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि भाकरी. भाजी असली तरी आमच्या तात्यांना, म्हणजे जिजीच्या नवऱ्याला, कडेला ते लागायचंच. शेजारणीकडनं वाटीभर काळं आणलं तर वाटी परत देताना आपल्या घरचं घालून द्यायचं. त्यामुळे आळीतल्या प्रत्येक घराला दुसऱ्या घरच्या काळ्याची चव ठाऊक. मला तर रस्त्यानं जाताना नुसत्या वासावरनं कळायचं कुणाच्या चुलीवर आमटी उकळतेय. मला पहिल्यापासून सगळ्याचा वास घ्यायची खोड. नवं पुस्तक, ओली गोणी, म्हशीच्या कानामागची जागा, काही सोडायची नाही. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, “ही शकी बघायच्या आधी हुंगती.”

हे काळं काळं कशानं होतं, हा प्रश्न मला फार दिवस पडलेला. मिरची लाल, धने पिवळट, तीळ पांढरे, मग काळं कुठनं येतं? ते येतं भाजण्यातनं. सुकं खोबरं आणि दगडफूल तेलावर असं भाजायचं की ते काळं व्हायला पाहिजे, पण करपायला नको. आता गंमत बघा, काळं झालेलं आणि करपलेलं, दोन्ही काळंच की हो! डोळ्याला फरक दिसत नाही. तो फरक फक्त नाकाला कळतो. आणि जिभेचा तर प्रश्नच नव्हता, कारण आमच्यात काळं तयार होऊन देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत कणभरसुद्धा जिभेला लावायचं नाही. म्हणजे वर्षभराचा मसाला, आणि सगळा भार एका बाईच्या नाकावर. भाजताना क्षणभर चुकलं तर सगळं उखळ कडू. ते टाकून देण्याची ऐपत नसायची, वर्षभर तेच खावं लागायचं. आणि आळीत वाटी गेली की नाचक्की व्हायची ती वेगळीच.

आमच्या घरात हे नाक आईचं. आई धाकटी सून. आजीनं जाण्याआधी काळ्याची मूठ तिला दिलेली. मूठ देणं म्हणजे काय, तर नवं काळं कांडून चाळून झालं की बरणीतलं जुनं काळं मूठभर घ्यायचं आणि नव्यात मिसळायचं. ती मूठ ज्या बाईनं घालायची तिचं ते काळं. मग बाकीच्या बाया कितीका कांडेनात. थोरली सून जिजी असताना आजीनं धाकटीला मूठ दिली, ती का दिली हे घरात कुणी बोलायचं नाही. जिजी मात्र दर उन्हाळ्यात मुसळ हातात घेताना एकदा तरी म्हणायचीच, “आमाला काय बया, कांडायला बलावलंय.” आई खाली मान घालून भाजत राहायची. आमच्या घरात आईचा शब्द चालायचा तो तेवढ्या एका दिवशी. एरवी शेतात दादांचा, व्यवहारात तात्यांचा आणि उरलेल्या सगळ्यात जिजीचा.

मी सांगतेय त्या साली जिजीच्या लेकीचं, मंदाताईचं लग्न ठरलेलं होतं. वैशाखातलं. म्हणजे दरवर्षीच्या दुप्पट काळं करायचं, लग्नाच्या आमटीला तेच, आणि नवरीबरोबर सासरी जायची बरणीही त्यातलीच. वरपक्ष करमाळ्याकडचा. तिकडच्या बाया काळ्याच्या बाबतीत फार चोखंदळ, असं जिजीनंच आल्यागेल्याला सांगून ठेवलेलं.

आईचं काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते एका भाकरीवरनं. संध्याकाळी चिमणीत रॉकेल भरताना थोडं भाकरीच्या टोपल्यात सांडलं असणार. सकाळी न्याहारीला दादांनी पहिला घास तोंडात घातला आणि थू करून उठले. “ही भाकर हाय का बत्ती?” समोर बसलेल्या आईनं त्याच चवडीतली अर्धी भाकरी तोवर खाल्लेली. तिनं दादांच्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या हातातल्या घासाकडं, आणि मग तिनंही थुंकल्यासारखं केलं. पण उशिरा केलं. ते उशिरा करणं माझ्या डोक्यात राहिलं. रॉकेल मला दारातनं येत होतं, आणि हिला तोंडात घालूनही आलं नाही?

मग मी तिची परीक्षा घ्यायला लागले. दुपारी ती सुपात तूर निवडत बसली की मी मुठीत हिंगाचा खडा घेऊन तिच्या नाकाजवळनं हात फिरवायची. काही नाही. तात्यांची पायताणं तिच्या मांडीशेजारी आणून ठेवली. त्या पायताणांनी कुत्रंसुद्धा उठून लांब जायचं! आईनं तुरीतला खडा निवडून टाकला आणि म्हणाली, “पायतान का आनलंस गं हितं?” म्हटलं, असंच. शेवटी एक कुजका कांदा शोधून आणला आणि मागनं जाऊन तिच्या हनुवटीखाली धरला. तिला माझा हात लागला, तशी ती वळली, कांद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “आये, तुला वास येत न्हाई व्हय?”

तिनं सूप बाजूला सारून आधी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग उठून परसात बघून आली जिजी कुठाय ते. मग माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली. आईला मी तोवर रडताना बघितलं नव्हतं. मला भीती वाटली आणि खरं सांगते, त्याच वेळी मला हेही विचारायचं होतं की अजिबात येत नाही का थोडा येतो. तिनंच सांगितलं. थंडीत ताप आला होता, नाक आठवडाभर चोंदलेलं, ताप गेला, नाक मोकळं झालं, पण वास परतच आला नाही. “चुलीम्होरं बसले तर धूर दिसतोय, डोळं झोंबत्यात, पन वास न्हाई. तिखट कळतं, खारट कळतं, बाकी समदं पानी. तुझ्या डोस्क्याचा वास येत न्हाई गं मला.” निलगिरीचा वाफारा घेऊन झाला होता, सुंठ लावून झाली होती, देवीला नवस बोलून झाला होता. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. “जिजीला कळलं तर ती एका घासात मूठ काढून घील. आन न्हाई कळलं, आन मी खोबरं करपवलं, तर मंदीच्या लग्नात हजार मान्सं कडू आमटी खात्याल. मंदी जाईल ती कडू बरनी घिऊन. शके, मी काय करू, सांग बरं.”

मधे तो कोरोना आला तेव्हा माझ्या मुलाचा वास गेला. आमच्या सोसायटीत त्याचा केवढा गाजावाजा! फोनवर फोन, ग्रुपवर उपाय, कॉफी हुंगा, लिंबू हुंगा. वास जातो, त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, परत येतो, सगळं लोक उघड बोलत होते. मी बाल्कनीत बसून ऐकत होते आणि मला आईचा असा राग आला, आणि अशी दया आली, की काय सांगू. तिला वाटलेलं हे जगात फक्त तिलाच झालंय. तिनं ते चोरी केल्यासारखं लपवलं.

पण तेव्हा मी लहान होते आणि मला त्यातली मजाच जास्त दिसली. मी म्हटलं, “मी सांगते की वास. तू उतर.” आई आधी हसली. मग हसायची थांबली. दुसऱ्या दिवसापासून जिजी रानात गेली की आमची शाळा सुरू. लहान तव्यावर मूठभर धने टाकायचे, मी वर वाकायचं आणि काय येतंय ते सांगायचं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. वासाला आपल्याकडं शब्दच किती आहेत? खमंग, करपट, खवट, कुबट, उग्र. पाचसहा शब्दांत सगळं बसवायचं. आई विचारायची, “खमंग म्हंजी कसा खमंग?” मी म्हणायची, आधी वाळक्या गवताचा येतोय, मग भुईमुगाच्या शेंगांचा, मग जरा गोडसर, मग एकदम काहीच नाही. “त्ये काहीच न्हाई येतंय ना, तवाच उतरायचं,” आई म्हणायची. “त्याच्या म्होरं करपतं.” मी थक्क. इतकी वर्षं ती हे सगळं करत होती आणि तिला एवढं सगळं माहीत होतं, पण कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला तरी कुठं माहीत होतं की तिला माहीत आहे! नाक होतं तोवर बोलायची गरज पडली नव्हती.

खोबऱ्यावर आमची गाडी अडली. मी सांगितलं, आधी नुसतं तेलकट, मग देवळातल्या प्रसादाचा वास, मग तात्यांच्या बिडीचा. आई पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली होती! “बिडीच्या आदी उतरायचं गं बाई, बिडीच्या आदी!” पण प्रसाद कुठं संपतो आणि बिडी कुठं सुरू होते हे पकडायला मला खोबऱ्याच्या कितीतरी वाट्या करपवाव्या लागल्या, आणि त्या आम्ही उकिरड्यात खोल पुरल्या. ठरलं असं की कांडपाच्या दिवशी मी आईच्या मागं चिकटून बसायचं, आणि वास फिरला की तिचा पदर ओढायचा. बोलायचं काही नाही.

कांडपाचा दिवस आला. सकाळपासून आळीतल्या बाया जमल्या. ओसरीत उखळावर जिजी आणि दोघीतिघी, आत चुलीवर आई, तिच्या पाठीला मी. कुणीतरी म्हणालं, “शकी का चिकटलीया आयेला?” आई म्हणाली, “शिकतीया.” जिजी ओसरीतनं ओरडली, “आत्ताच कशाला शिकवतीस, तिला कुठं धाडायचीय का लगी?” बाया हसल्या. धने झाले, मी पदर ओढला, आईनं उतरले. तीळ झाले, खसखस झाली, लवंग-दालचिनी झाली. प्रत्येक वेळी आईचा हात माझ्या ओढीबरोबर असा उठायचा की मला वाटलं माझाच हात आहे. मला फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

मिरची नेहमी शेवटी भाजतात. मिरचीचा ठसका उठला की सगळ्यांची नाकं मरतात, म्हणून. पण त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं, वळवाचा पाऊस येणार असं वाटलं, आणि अंगणात वाळत घातलेली मिरची भिजू नये म्हणून पारूकाकूनं, आमच्या शेजारणीनं, कुणाला न विचारता अंगणातल्या चुलीवर मिरची भाजायला घेतली. वारं घरात यायला लागलं होतं. आत आईनं नेमकं कढईत खोबरं टाकलेलं. ठसक्याचा पहिला लोट आला आणि सगळ्या बाया खोकत बाहेर पळाल्या. आई उठली नाही, खोबरं हलवत राहिली, म्हणून मीही उठले नाही. माझ्या डोळ्यांतनं, नाकातनं पाण्याच्या धारा. आणि मला काहीच येईना! ना प्रसाद, ना बिडी, काही म्हणजे काही नाही. मी कढईवर वाकले. खोबरं काळं झालेलं दिसत होतं, पण काळं तर व्हायचंच होतं. आईनं वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, येत नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिचा हात तसाच फिरत राहिला, उतरावं तर कच्चं, ठेवावं तर करपेल, आणि आम्हा दोघींकडं मिळून एक नाक नव्हतं.

“उतर, सुशे. आता उतर.”

आईचं नाव सुशीला. धुरात जिजी उभी होती, ठसका आत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला ओला पदर बांधलेली. आईनं जागच्या जागी कढई उतरवली. जिजी आत आली, आमच्या दोघींमध्ये बसली, मला ढुंगणानं बाजूला ढकललं, आणि पदराआडनं आईच्या कढईवर वाकली. “दगडफूल टाक,” म्हणाली. आईनं टाकलं. तिनं बाहेरच्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात पारूकाकूला शिव्या सुरू केल्या, कोनी सांगितलं तुला मिरची घ्यायला, अक्कल गहान ठिवलीस का, आणि त्याच दमात मधेच हळू आवाजात, “हं, उतर.” मग पुन्हा शिव्या. नागकेशर, जायपत्री, शेवटी लसूण, सगळं असंच झालं. बाहेरच्या बायांना वाटलं जिजी भांडतेय. मी तिच्या पाठीमागं बसून ऐकत होते आणि मला काही कळेना, हिला कसं कळलं? आणि कळलं तर ही उघड बोलत का नाही?

आभाळ तसंच पुढं निघून गेलं. कांडून झालं, चाळून झालं, मोठ्या परातीत काळ्याचा ढीग झाला. बाया गोल बसल्या. वास बघून पारूकाकू म्हणाली, “काय झालंय बया सुशीलेचं काळं! हात हाय की काय हाय!” मी आईकडं बघितलं. सुटलो होतो आम्ही. लग्न वाचलं होतं, मूठ राहिली होती, कुणाला काही कळलं नव्हतं. आईनं जुन्या बरणीतनं मूठ भरून घेतली, परातीवर आणली, आणि थांबली. मग म्हणाली, “जिजी, हात म्होरं करा.”

“का?”

“करा म्हनते ना.” आईच्या तोंडून जिजीला असा हुकूम मी पहिल्यांदा ऐकला. जिजीनं हात पुढं केला. आईनं आपली मूठ तिच्या तळहातावर मोकळी केली. “मूठ तुमी घाला. मला वास येत न्हाई. थंडीतल्या तापापासनं येत न्हाई. खोबरं तुमी उतरवलंया, मी न्हाई.”

आणि जिजी अशी भडकली म्हणता! “गप! बायांम्होरं कशाला बोललीस? मी झाकून झाकून मेले की गं! नासकं दूध तुझ्या माघारी वतून देत हुते, खवट तेल बदलून ठिवत हुते, त्या राकेलाच्या भाकरी म्हशीला बी घालता यिनात, म्हनून गपचिप पुरल्या. उकिरड्यात तुमी मायलेकींनी खोबरं पुरलं त्ये बी बघितलं मी. आन तू हितं दवंडी पिटतीस?”

“मला म्हायती न्हवतं, जिजी.”

“तुला कसं म्हायती असंल? तुला वास कुठं येतोय!”

कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या, आईसुद्धा. फक्त जिजी हसत नव्हती. तिच्या तळहातावर जुनं काळं तसंच होतं. ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं, “सासूबाईंनी मला न्हाई दिली. म्हनल्या, तू घाईची हायस, तुझ्या हातानं करपंल.”

“आज कुठं करपलं?” आई म्हणाली. “घाला.”

जिजीनं मूठ घातली. मग दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत घालून ती काळं खालीवर करत राहिली, मिसळून झालं तरी करत राहिली. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि पारूकाकू म्हणत होती, “आता हिला बी ठसका लागला.”

आई का बोलली, हे कोडं मला फार दिवस होतं. न बोलती तर कुणाला कळणार होतं? एकदा रानात जाता जाता मी विचारलं. आई म्हणाली, “जिजी माझ्यासाठी वास घेत हुती, शके, आन माझं नाव हुनार हुतं. मला त्ये गिळवलं नसतं.” मी म्हटलं, पण मूठ गेली ना तुझी. ती म्हणाली, “व्हय. गेली.” तिला वाईट वाटत होतं. वाटणारच. चांगलं केलं म्हणून वाईट वाटत नाही असं थोडंच असतं.

मंदाताईच्या लग्नात आमटीला नावं ठेवायला करमाळ्याच्या बायांना जागा सापडली नाही. दोघीतिघींनी आडून आडून विचारलं, काळं कुणाच्या हातचं? आईनं पुढं होऊन जिजीकडं बोट दाखवलं. पंगतीमागनं पंगती उठल्या, आणि दुपार कलल्यावर शेवटी घरच्या बाया बसल्या. जिजीचा घसा बसलेला. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि लेक थोड्या वेळानं जायची होती. ती आईच्या समोर बसली. आई भाकरी आमटीत कुस्करून खात होती, काम उरकावं तशी, खाली बघून. पारूकाकूनं विचारलं, “काय गं सुशीले, कशी झालीया आमटी?” आई म्हणाली, “लई ब्येस झालीया.”

“खोटं बोलू नगंस,” जिजी म्हणाली. तिनं स्वतःच्या ताटातला घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावायला लागली. “तू बी घे. घास घे तोंडात. हं. आता आदी लवंग येतीया. पुढनंच येतीया, जिभंच्या टोकाला. आली का?”

आई तिच्याकडं बघत चावत होती. तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही.

“ऱ्हाऊ दे. आता धनं. धनं गोड हाय, मऊ हाय. आता खोबरं येतंय, त्ये लई मोठं येतंय, समद्या तोंडात. गिळू नगंस! थांब. दगडफूल अजून मागं हाय, त्ये सगळ्यात शेवटाला येतं, घशापशी.” जिजी बोलायची थांबली. सगळ्या बाया जेवायच्या थांबल्या होत्या. आई घास तोंडात धरून, डोळे मिटून बसली होती. तिच्या गालावरनं पाणी ओघळलं आणि तिनं ते पुसलं नाही.

“आलं,” ती म्हणाली.

“मग गिळ आता,” जिजी म्हणाली, आणि तिनं दुसरा घास मोडला.